अठरावी गाठ

१

मला हाडं आवडतात. शाळेत मला 'हाडाची शिक्षिका' म्हणतात, त्यात अर्धं कौतुक आणि अर्धी थट्टा असते. मी दोन्ही ठेवून घेते. हसनाबादला विज्ञान शिकवायला लागून मला बारा वर्षं झाली, पण सांगाड्याचा धडा आला की अजून माझा आवाज चढतो. शेजारच्या वर्गातून निरोप येतो, दैवशाला मॅडमना म्हणावं जरा हळू. हळू कसं सांगायचं? जिराफाच्या मानेत सात मणके, आपल्या मानेत सात, आणि उंदराच्या मानेतही सातच! वटवाघळाचा पंख म्हणजे लांबलचक बोटांचा हात. घराएवढ्या डायनासोरच्या पुढच्या पायात वर एक हाड, कोपराखाली दोन, अगदी तुमच्या-माझ्यासारखी. आराखडा सगळ्यांचा एकच. कुणाचं हाड ताणलंय, कुणाचं आखडलंय, कुणाचं गाळून टाकलंय, एवढाच फरक.

मुलांना सगळ्यात मोठा धक्का बैलाचा बसतो. बैलाच्या पुढच्या पायाचा गुडघा म्हणतो ना आपण, तो गुडघाच नाही. ते मनगट. मागच्या पायात उलटं वाकलेलं दिसतं ती टाच. आणि खूर म्हणजे मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं नख. बैल जन्मभर दोन-दोन बोटांवर चालतो. हे सांगितलं की पोरं दोन बोटं बाकावर टेकवून चालवायला लागतात आणि वर्गाचा बैलबाजार होतो.

यंदा तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आमच्या शाळेत भरणार होतं. मी ठरवून टाकलं की थर्माकोलचे ज्वालामुखी पुरे झाले, खऱ्या बैलाचा खरा सांगाडा उभा करायचा. बैल घरचाच होता. आमचा हौश्या, अकरा वर्षांपूर्वी शेताच्या बांधावर बाभळीखाली पुरलेला.

२

विचारायला हवं होतं ते फक्त आबांना, आणि तेच मी केलं नाही.

माझे वडील, तातेराव, पंचक्रोशीत हाडं बसवायचे. मोडलेला हात, निखळलेला खांदा, मुरगळलेला घोटा, सगळे आमच्या ओसरीवर यायचे. आबा तिळाचं तेल बोटांना लावायचे, डोळे मिटायचे आणि हाड चाचपायचे. मग 'कट' असा एक आवाज. बांबूच्या कामट्या बांधल्या की झालं. हाडांचं वेड मला त्या आवाजातूनच लागलं असणार.

हाड बसवल्यावर आबा घरातलं काही शिवायचे नाहीत. तांब्या नाही, दार नाही, लेकरू नाही. आई कडी काढायची आणि आबा थेट गोठ्यात जाऊन हौश्याच्या पाठीवर दोन्ही हात पुसायचे. तेलकट हात म्हणून जपत असतील, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. हौश्या गेला त्याच आठवड्यात एक जण मोडका हात घेऊन आला, तर आबा म्हणाले, "आता हात पुसायला जागा न्हाई बाबा. जालन्याला जा, पलस्तर कर." तेव्हापासून त्यांनी एकही हाड बसवलं नाही. त्यांचा जीव होता बैलावर, म्हणून दुःखानं सोडलं असेल, असं आम्ही समजलो.

या खेपेला आबा जांब समर्थला सप्ताहासाठी गेले होते. विचारलं असतं तर 'न्हाई' म्हणाले असते, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच मी सोमवार गाठला. शाळेचा शिपाई धर्मराज, चित्रकलेचे भारत सर आणि मी, तिघांनी मिळून बाभळीखाली खणलं. धर्मराज खणता खणता म्हणाला, "मॅडम, आबाला इचारलं ना बराबर?"

"विचारलं," मी म्हणाले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

आधी पाठीचा कणा दिसला, मग फासळ्या. काय सुंदर होता हौश्या! काळ्या मातीत पिवळसर, एकही हाड जागचं हललं नव्हतं. मला नाचावंसं वाटत होतं.

३

सोमवारी दुपारभर नववीच्या पोरींनी शाळेच्या गच्चीवर बादल्यांत हाडं धुतली. मी एकेक हाड उन्हात मांडत होते आणि नावं सांगत होते. तिथं पहिली गाठ सापडली.

डाव्या पुढच्या पायाचं हाड, 'गुडघ्या'च्या जरा वर. मोडलेलं हाड सांधलं की तिथं जाड कडं येतं, तसं कडं होतं. मी टाळ्याच वाजवल्या. जिवंतपणी मोडून सांधलेलं हाड! असा नमुना तर मोठ्या कॉलेजातसुद्धा मिळत नाही. मग मागच्या उजव्या टाचेत दुसरी गाठ सापडली. मग नळीच्या हाडावर. मग खांद्याच्या फऱ्यावर. संध्याकाळपर्यंत सतरा झाल्या.

सतरा! अर्पिता नावाची एक चौकस पोरगी आहे वर्गात. तिनं विचारलं, "मॅडम, इतक्या वेळा मोडला तर हा चालत कसा असंल?"

चालत होता. मी त्याला एकोणीस वर्षं पाहिलं होतं, एकदाही लंगडला नव्हता. फक्त मधूनच दोन-चार दिवस बसून राहायचा, वैरणीला तोंड लावायचा नाही. कामचोर म्हणून आम्ही त्याची थट्टा करायचो. हौश्या हे नावही त्यावरूनच पडलं, हौस आली तर उठणारा. एका वर्षी तर तो दीड महिना उठला नव्हता. पोळ्याला त्याच्याशिवायच मिरवणूक निघाली. मला आठवतं, कारण त्याच पावसाळ्यात मी कोरड्या विहिरीत पडले होते. सात वर्षांची होते. मला काही झालं नाही, नुसती दोन दिवस झोपून होते, असं आई सांगायची.

एकच हाड नीट निघालं नाही. मानेच्या दुसऱ्या मणक्यावर चिकणमाती अशी घट्ट बसली होती की ब्रश मोडला. राहू दे, वाळली की पडेल, असं म्हणून मी ते बाजूला ठेवलं.

४

मंगळवारी जोडणी सुरू झाली. भारत सरांनी लोखंडी घोडा वेल्डिंग करून आणला होता. हाडांना ड्रिलनं भोकं पाडायची, तार ओवायची आणि घोड्याला बांधायचं. पहिलं भोक त्यांनी डाव्या पुढच्या पायाला पाडलं, नेमकं गाठीवर. तिथं हाड जाड, तार चांगली धरेल म्हणून. ड्रिल आरपार गेलं आणि खिचडीच्या खोलीतून पातेलं पडल्याचा आवाज आला.

धावत गेलो. आमच्याकडे खिचडी शिजवणाऱ्या चतुराबाई डावं मनगट धरून खाली बसल्या होत्या.

"काही उचललं न्हाई, माय," त्या म्हणाल्या. "नुसती हुभी व्हते. तवा आल्ता तस्साच आवाज आला, कट. तुझ्या आबानं बसवल्तं बघ हेच मनगट, तू बारकी व्हतीस तवा."

उतारवय आहे, हाडं ठिसूळ झाली असतील, असं मी भारत सरांना सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, दुसरं काय.

बुधवारी सकाळी धर्मराज शिडीवर चढून हॉलच्या दारावर फलक लावत होता आणि आत भारत सर टाचेच्या हाडात ड्रिल घालत होते. मी दोघांच्या मधे उभी होते. ड्रिलचा आवाज बदलला, म्हणजे टोक पलीकडे निघालं, आणि त्याच क्षणी फलक लावून उतरणारा धर्मराज शिडीच्या पहिल्या पायरीवरून खाली कोसळला. पहिल्या पायरीवरून, वीतभर उंचीवरून! उजवी टाच सुजून वांग्यासारखी झाली. तरुणपणी कडब्याच्या गंजीवरून पडून त्याची हीच टाच मोडली होती, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. बसवली आबांनी.

त्याला जीपमध्ये घातलं. मी हॉलमध्ये परत आले आणि सांगाड्यासमोर उभी राहिले. मनगटाच्या जागी मनगट. टाचेच्या जागी टाच. दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर बैलाचा गुडघा आणि बाईचं मनगट यांचा संबंध त्याच्या सात जन्मांत लागला नसता. पण मला लागत होता. बारा वर्षं मी तोच तर शिकवत आले होते.

मला भीती वाटायला हवी होती. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता.

५

विज्ञानात नुसतं वाटून चालत नाही, प्रयोग करावा लागतो. मी दार लावून घेतलं. आधी गाठ नसलेली फासळी घेतली आणि तिला स्वतः भोक पाडलं. दहा मिनिटं थांबले. व्हरांड्यातून कुणी ओरडत आलं नाही.

मग गाठींतली एक निवडली. दहाव्या वर्षी माझं डाव्या हाताचं बोट पाटाखाली सापडून मोडलं होतं. करंगळी असती तर प्रयोगच झाला नसता, बैलाला करंगळी नसते. पण ती अनामिका होती. हौश्याच्या डाव्या पुढच्या पायाचं बाहेरचं बोट मी हातात घेतलं. वरच्या पेरावर मसुराएवढी गाठ होती. कंपासपेटीतल्या कर्कटकाचं टोक मी त्या गाठीवर हळूच टेकवलं आणि दाबलं.

"आई गं!"

माझ्या बोटात कळ गेली. अगदी त्याच पेरात. मी टोक काढलं, कळ थांबली. पुन्हा दाबलं, पुन्हा कळ. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून दाबलं, मनाचे खेळ नकोत म्हणून. तिसऱ्यांदाही तेच. मी रिकाम्या हॉलमध्ये मोठमोठ्यानं हसत होते आणि माझ्या अंगावर काटा उभा होता. आबांच्या हातांनी पुसलेली सतरा माणसं या हाडांत होती. आणि दोन-चार दिवस वैरण न खाता बसून राहणारा आमचा कामचोर बैल आठवला, तेव्हा मात्र हसू थांबलं आणि रडायला आलं.

त्या संध्याकाळी मी लाल रंगानं सतरा गाठींवर खुणा केल्या. आबांना फोन लावला, पण सप्ताहात कोण फोन उचलतो. भारत सरांना बजावलं, "लाल खूण दिसली की ड्रिल लावायचं नाही. दोरीनं बांधा."

"का हो मॅडम?"

"गाठीचं हाड दुर्मिळ असतं सर."

हाडं परत पुरून टाकावी, असं मनात आलं नाही का? आलं. पण प्रदर्शन शनिवारी होतं, चाळीस पोरी तीन दिवस त्याच्यामागे पळत होत्या, आणि असा सांगाडा महाराष्ट्रात कुणाकडे नव्हता. लाल खुणा सांभाळल्या की झालं, असं मी मनाला समजावलं.

६

शुक्रवारी अकराच्या सुमारास मी शिक्षकांच्या खोलीत बसून प्रदर्शनाच्या पाट्या लिहीत होते. फोन वाजला. आबा होते, मागे गाड्यांचे भोंगे.

"बदनापूरला हाय मी. जीप भेटली, येऊन राह्यलो. धर्मराजच्या लेकाचा फोन आल्ता मला."

"आबा, मी हौश्याला..."

"कळलं. ते ऱ्हाऊ दे. पयलं सांग, त्याची मान कुठंय?"

"शाळेत आहे. मानेचं काम आज करणार आहेत. पण काळजी करू नका, मानेला गाठ नाही. मी सगळ्या गाठी पाहिल्यात, सतरा आहेत."



"अठरा हायेत, माय," आबा म्हणाले. "इहिरीतून तुला काढलं तवा मान मागं पडल्ती तुझी. तुझ्या मायला बी म्या कधी सांगितलं न्हाई."

माझ्या डोळ्यांपुढं तो मातीनं लिंपलेला दुसरा मणका आला. त्यावर लाल खूण नव्हती. माती वाळली असणार. माती पडली असणार.

"आबा, हौश्या नाही आता. तुम्ही आलात तरी हात कुठं पुसणार?"

"त्याचं मी बघतो. तू जल्दी जा अन् थांबव त्यास्नी."

तेवढ्यात हॉलमधून ड्रिल सुरू झाल्याचा आवाज आला.

मी फोन टाकून पळाले. आमचा व्हरांडा सत्तर पावलांचा आहे, ती पावलं मला अजून मोजून सांगता येतील. "सर, थांबा! सर!" मी ओरडत होते. पोरींना वाटलं मॅडमना पुन्हा उत्साह आलाय. त्या हसत बाजूला झाल्या. दाराशी पोहोचले तेव्हा भारत सरांनी मणका बाकाला टेकवून धरला होता. "आतली वाट गाठीनं बुजलीय मॅडम, सळई जाईना. जरा मोठी करून घेतो," ते म्हणाले आणि त्यांनी जोर दिला.

कट.

तो आवाज मी आयुष्यभर बाहेरून ऐकला होता. पहिल्यांदा आतून ऐकला.

७

मी पडले नाही. चौकट धरून उभी राहिले. दुखतही नव्हतं फारसं. फक्त डोकं आता माझ्या धडावर नुसतं ठेवलेलं आहे, खुंटीवर टोपी ठेवावी तसं, हे मला स्पष्ट कळत होतं. पायांना मुंग्या आल्या होत्या.

"सर," मी ओठ न हलवता म्हणाले, "ड्रिल तसंच ठेवा. बाहेर ओढू नका. मणका हलवू नका. पोरींना घरी पाठवा."

भारत सर माझ्याकडे पाहून पांढरे पडले. त्यांनी ड्रिल आहे तसं बाकावर टेकवलं. पोरींना पाठवलं, मला स्टुलावर बसवलं आणि बाकावर मणका दोन्ही हातांनी धरून बसले. मी माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं. असे आम्ही समोरासमोर एक तास होतो. मधे फक्त मानेपर्यंत उभा झालेला हौश्या होता. सरांच्या हातातला मणका सोडून मला दुसरं काही पाहता येत नव्हतं, कारण मला ना खाली बघता येत होतं ना बाजूला. मनात एकच चालू होतं. आबांनी लवकर यावं. आणि आबांनी येऊ नये.

जीप थांबली. आबांच्या चपला व्हरांड्यात वाजल्या. ते माझ्या समोर आले नाहीत, मागून आले. तिळाच्या तेलाचा वास आला.

"आबा, नका," मी म्हणाले. "जालन्याला चला. प्लास्टर करू."

"जालन्यापर्यंत टिकत न्हाई ते. बिलकुल हालू नको."

अकरा वर्षांनी ती बोटं कामाला लागली होती, पण अडखळली नाहीत. कानांच्या मागं अंगठे, हनुवटीखाली तळवे. मी लहानपणी पाहायचे तसे त्यांनी आताही डोळे मिटले असणार. एक झटका, एक आवाज, आणि माझं डोकं परत माझं झालं. पायांतल्या मुंग्या गेल्या.

"बसलं बराबर," आबा म्हणाले. "घडीभर समोरच बघ."

"आबा, हात पुसायला फडकं देऊ?" भारत सरांनी विचारलं.

"नगं, सर. तुम्ही जरा भायेर थांबा."

भारत सरांनी ड्रिल बाजूला घेतलं, मणका बाकावर ठेवला आणि ते गेले. हॉलमध्ये मी, आबा आणि हौश्या राहिलो. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. दाराला हात लावला नाही. माझ्या मागं चार पावलं दूर गेले. टोपी काढून बाकावर ठेवल्याचा आवाज आला. मग तेलकट तळवे कातडीवर घासल्याचा. हळूहळू, बराच वेळ. गोठ्यात हौश्याच्या पाठीवर यायचा तोच आवाज.

आणि माझ्या डोळ्यांसमोर बाकावरच्या मणक्यावरची गाठ विरली. मी शपथेवर सांगते. ड्रिलचं भोक बुजलं, कडं ओसरलं आणि हाड गुळगुळीत झालं, कोवळ्या गोऱ्ह्याचं असावं तसं. असं हाड मी कधी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नसेल! माझं काळीज आनंदानं उडालं. "आबा, बघा!" असं मी खरंच म्हणाले.

 मागून एकच आवाज आला, तो मला ओळखीचा होता.

माझी मान आता वळत होती. मी ती वळवली नाही.